अमेरिकेत पोलिसांना आणि पुढाऱ्यांना शिक्षा नेमकी कधी होते

प्रश्न थोडक्यात असा विचारलाय की मिनिॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या डेरेक शॉविन या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, पण सिएटलला आंध्रच्या एका विद्यार्थिनीला पोलीस गाडीने उडवलं तेव्हा त्या पोलिसावर साधा फौजदारी खटलाही उभा राहिला नाही, आणि दुसरीकडे इलिनॉयचे (शिकागो ज्या राज्यात आहे त्याचे) गव्हर्नर एकामागून एक तुरुंगात जातात आणि त्यातल्या एकाला पुढे माफीसुद्धा मिळते, तर तिथे कायदा सगळ्यांना सारखा आहे का नाही. मी शिकागोत क्रिमिनल डिफेन्सची वकिली करते, आरोपीच्या बाजूने उभी राहते, म्हणजे समोर साक्षीच्या खुर्चीत बहुतेक वेळा पोलीसच असतो. त्यामुळे हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे, उत्तर जरा लांबेल.

आपल्याकडच्या लोकांचा पहिला गोंधळ इथे होतो. भारतात सरकारी नोकरावर ड्युटीतल्या कामाबद्दल खटला चालवायचा तर सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १९७ आडवं यायचं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं २१८ येतं, आधी सरकारची मंजुरी लागते. अमेरिकेत अशी मंजुरी लागत नाही, कायद्याच्या पुस्तकात पोलीस आणि भाजीवाला सारखेच आहेत. मग अडतं कुठे? अडतं प्रॉसिक्युटरपाशी, म्हणजे सरकारी वकिलापाशी. खटला भरायचा का नाही हे तोच ठरवतो, आणि तुम्ही आम्ही मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार टाकून त्याच्या डोक्यावरून जाऊ शकतो अशी सोय इथे जवळपास नाहीच. हा प्रॉसिक्युटर काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), निवडून आलेला, आणि त्याची रोजची कामं कोणाच्या जिवावर चालतात तर पोलिसांच्या. शिकागोचं मोठं फौजदारी कोर्ट ट्वेंटीसिक्स्थ आणि कॅलिफोर्निया या चौकात आहे, तिथे कुठल्याही दिवशी सकाळी जाऊन बघा, सरकारी वकील आणि साक्षीला आलेले पोलीस एकत्र बसून रिपोर्ट वाचत असतात, कोणाचं काय बोलायचं त्याची उजळणी चाललेली असते, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी होते. यात बेकायदेशीर काही नाही, काम असंच चालतं. पण त्यातल्याच एका पोलिसावर उद्या त्याच वकिलाने खुनाचा आरोप ठेवायचा म्हटलं तर हात किती जड होईल हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कुठलीही केस आली की मी दोन गोष्टी आधी बघते. पुरावा कोणाच्या हातात आहे, आणि खटला कोण चालवतोय. पुरावा पोलिसांच्या ताब्याबाहेर असेल आणि खटला चालवणारा बाहेरचा असेल तर शिक्षेची शक्यता निर्माण होते, नाहीतर बहुतेक वेळा केस उभीच राहत नाही. आकडे बघायचे तर अमेरिकेत वर्षाला साधारण हजारभर माणसं पोलिसांच्या गोळीने मरतात, आणि बॉलिंग ग्रीन युनिव्हर्सिटीचे फिलिप स्टिन्सन, जे स्वतः आधी पोलिसात होते, ते २००५ पासून मोजत आलेत, त्यांच्या हिशोबात पुढच्या पंधरा सोळा वर्षांत ड्युटीवर गोळी घातल्याबद्दल खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचा आरोप लागलेले अधिकारी दीडशेच्या आत होते आणि कशात ना कशात दोषी ठरलेले पन्नासच्या आत. यातल्या कित्येक गोळीबारांत समोर खरंच बंदूक रोखलेली होती हेही खरंय, म्हणजे हजारच्या हजार गुन्हे होते असं कोणी म्हणू नये, तरी पण तफावत बघा.

फ्लॉइडची केस घ्या. २५ मे २०२० ला तो गेला आणि मिनिॲपोलिस पोलिसांनी पहिलं पत्रक काढलं त्यात मेडिकल त्रास होऊन माणूस दगावला असा मजकूर होता, गुडघ्याचा उल्लेखच नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाईलवर सगळं शूट केलं नसतं तर तेच पत्रक रेकॉर्डवर राहिलं असतं. म्हणजे पुरावा बाहेरचा झाला. मग खटला काउंटीकडून राज्याचे ॲटर्नी जनरल कीथ एलिसन यांच्याकडे गेला, तोही बाहेरचा झाला. आणि तिसरी गोष्ट जी क्वचितच घडते, खुद्द पोलीस प्रमुख साक्षीला येऊन म्हणाले की हे आमच्या ट्रेनिंगमध्ये बसत नाही. २० एप्रिल २०२१ ला ज्युरीने, म्हणजे बारा सामान्य नागरिकांनी, तिन्ही आरोपांत दोषी धरलं, जूनमध्ये साडेबावीस वर्षं झाली, पुढे फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात त्याने स्वतःहून गुन्हा कबूल केला आणि तिथली एकवीस वर्षं वेगळी, दोन्ही एकाच वेळी भोगायच्या. लोक ही केस नेहमीची म्हणून बघतात आणि मग बाकीच्या केसेसमध्ये निराश होतात. ती अपवाद आहे.

शिकागोची लक्वान मॅकडॉनल्डची केस मला जास्त महत्त्वाची वाटते कारण तिच्यात सगळी यंत्रणा उघडी पडली. ऑक्टोबर २०१४, सतरा वर्षांचा मुलगा, हातात छोटा चाकू, जेसन व्हॅन डाइक नावाच्या पोलिसाने त्याला सोळा गोळ्या घातल्या. हजर असलेल्या पोलिसांचे रिपोर्ट वाचले तर मुलगा चाकू फिरवत अंगावर येत होता. गाडीच्या डॅशकॅमवर दिसतं की तो पोलिसांपासून दूर चालत होता, आणि खाली पडल्यावरही गोळ्या चालूच होत्या. हा व्हिडिओ शहराकडे पहिल्या दिवसापासून होता. एप्रिल २०१५ मध्ये शहराने मुलाच्या घरच्यांना ५० लाख डॉलर देऊन टाकले, दावा दाखल व्हायच्याही आधी, आणि व्हिडिओ मात्र दाबून ठेवला. एका स्वतंत्र पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली दावा लावला, जज्जने व्हिडिओ द्या म्हणून आदेश काढला, आणि २४ नोव्हेंबर २०१५ ला व्हिडिओ बाहेर आला त्याच दिवशी खुनाचा आरोप दाखल झाला. तेरा महिने तोच पुरावा त्याच प्रॉसिक्युटरच्या ऑफिसकडे होता हो! पुढच्या मार्चमध्ये मतदारांनी त्या स्टेट्स ॲटर्नी (काउंटीच्या प्रॉसिक्युटर) अनिता अल्वारेझ यांना प्रायमरीतच, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीतच, घरी पाठवलं, खटला शेजारच्या केन काउंटीच्या प्रॉसिक्युटरने चालवला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हॅन डाइक दोषी ठरला, सेकंड डिग्री मर्डर (खुनाचा कमी गंभीर प्रकार) आणि गोळीमागे एक असे गंभीर मारहाणीचे सोळा आरोप. शिक्षा सहा वर्षं नऊ महिने, साधारण सव्वातीन वर्षांनी तो सुटला. आणि ते रिपोर्ट? त्याबद्दल तीन पोलिसांवर कटाचा खटला झाला, तिघांनीही ज्युरी नको, जज्जच निकाल देऊ दे असं मागितलं, इलिनॉयमध्ये आरोपीला तो हक्क आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिघेही निर्दोष. पोलिसांचे वकील अशी बेंच ट्रायल का मागतात ते यावरून समजतं, रस्त्यावरची माणसं ज्युरीत बसून व्हिडिओ बघतात तेव्हा त्यांच्यावर होणारा परिणाम वेगळा असतो.

आता कायदा. पोलिसाचं बळ वापरणं योग्य होतं का हे १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालावरून तोलतात. त्यातला ग्रॅहम डायबिटीसचा पेशंट होता, साखर उतरत होती म्हणून ऑरेंज ज्यूस घ्यायला दुकानात शिरला, लांब रांग बघून लगेच बाहेर पडला, पोलिसाला संशय आला आणि पुढे त्याला बेड्या घालून इतकं आपटलं की पाय मोडला. त्याच्या दाव्यात कोर्टाने ठरवलं की त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं ते बघा, नंतर शांतपणे बसून काढलेले दोष बघू नका. ऐकायला बरोबर वाटतं, आणि काही अंशी आहेच, पण मला भीती वाटली एवढं वाक्य पोलीस ज्युरीसमोर पटेल असं म्हणू शकला की बारापैकी एकाच्या मनात तरी शंका उभी राहते, आणि निकाल एकमताने लागतो. फेडरल कायद्यात याहून कठीण, तिथे मुद्दाम, हे चूक आहे माहीत असूनही केलं, हे सिद्ध करावं लागतं. चूक झाली, हलगर्जीपणा झाला, एवढ्यावर काही होत नाही.

भारतीयांना आठवत असेल, फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले सत्तावन्न वर्षांचे आजोबा सकाळी घराबाहेर चालत होते, कोणीतरी ९११ ला फोन केला की अनोळखी माणूस फिरतोय, पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येत नाही, हात मागे धरलेले असताना पोलिसाने पायात पाय घालून त्यांना तोंडावर पाडलं, मानेचं ऑपरेशन झालं, शरीराचा काही भाग लुळा पडला. हेही डॅशकॅमवर आहे. फेडरल खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, जानेवारी २०१६ मध्ये जज्जनेच निर्दोष सोडलं, राज्याचा किरकोळ मारहाणीचा खटलाही रद्द झाला. दिवाणी दाव्यात पुढे साडेसतरा लाख डॉलरची तडजोड झाली. अलाबामाचे गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी तेव्हा भारताकडे लेखी दिलगिरी व्यक्त केली होती, आणि दोन वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये, तेच बेंटली निवडणूक निधीच्या दोन आरोपांत गुन्हा कबूल करून राजीनामा देऊन गेले. इथे व्हिडिओ होता, बाहेरचा प्रॉसिक्युटर होता, तरी मुद्दाम हा शब्द आडवा आला.

सिएटलचंही तेच. त्या विद्यार्थिनीला उडवणारी पोलिसाची गाडी २५ मैलांच्या हद्दीत ७४ मैलांनी चालली होती, म्हणजे आपल्या हिशोबात चाळीसच्या जागी एकशे वीसच्या आसपास, पण पोलीस इमर्जन्सी कॉलवर होता आणि प्रॉसिक्युटरने म्हटलं की जाणूनबुजून बेपर्वाई केली हे शंकेपलीकडे सिद्ध होणार नाही. मग शहराने ५००० डॉलरच्या दंडाचं वाहतुकीचं चलान दिलं. मला हा निर्णय पटलेला नाही, त्या वेगात रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि हे ड्रायव्हिंगचं ट्रेनिंग घेतलेल्या पोलिसापेक्षा जास्त कोणाला कळणार, आणि हे तपासायलाच तर ज्युरी असते.

अजून एक अडचण जी बाहेर कोणाला फारशी माहीत नसते, गॅरिटी. १९६७ च्या या निकालानुसार पोलिसाला नोकरी जाईल अशी धमकी देऊन खात्यांतर्गत चौकशीत जबाब घेतला तर तो जबाब फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तत्त्व बरोबर आहे, मी स्वतः आरोपीच्या गप्प राहण्याच्या हक्कासाठी रोज भांडते त्यामुळे त्याला विरोध करणार नाही. पण प्रत्यक्षात असं होतं की घाईघाईने घेतलेला खात्याचा जबाब प्रॉसिक्युटरच्या टीमच्या नजरेला पडला की अख्खी केस डागाळते आणि बचाव पक्ष तिथूनच ती पोखरतो.

मग अशा परिस्थितीत काही जण पकडले जातात ते कशावर? बऱ्याचदा खोट्यावर. शिकागो पोलिसातला जॉन बर्ज, १९७० च्या दशकापासून १९९१ पर्यंत याने आणि याच्या हाताखालच्यांनी साउथ साइडला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, शंभराहून जास्त लोकांचा छळ केला, बहुतेक सगळे काळे. विजेचे शॉक, टाइपरायटरचं प्लास्टिक कव्हर डोक्यावर ओढून श्वास कोंडणं, तोंडात बंदूक. असा छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबांवर लोकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. १९९३ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं, खटला नाही. पुढे स्पेशल प्रॉसिक्युटर नेमले, त्यांनी २००६ मध्ये सांगितलं की छळ झाला हे दिसतं पण मुदत उलटून गेली. आणि मग तो सापडला कशात, तर २००३ मध्ये एका दिवाणी दाव्यात त्याला लेखी प्रश्न विचारले होते, तुम्ही छळ केला किंवा होताना पाहिला का, आणि त्याने शपथेवर नाही म्हणून लिहून दिलं. त्या एका उत्तरावर फेडरल प्रॉसिक्युटरने त्याला धरलं, २०१० मध्ये खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा या आरोपांत दोषी ठरला, शिक्षा साडेचार वर्षं. छळाबद्दल एक दिवसाचीसुद्धा नाही. पेन्शन बोर्डात मतं चार विरुद्ध चार पडली म्हणून पेन्शनही चालू राहिली. ज्यांच्या डोक्यावर ते कव्हर ओढलं त्यांच्यातले काही वीस वीस वर्षं आत होते, त्यांची ही बाजू मला आजही शांतपणे सांगता येत नाही.

बर्जच्या छळामुळे फाशीच्या कोठडीत गेलेल्या चौघांना जानेवारी २००३ मध्ये माफी दिली गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी, आणि जाता जाता बाकीच्या दीडशेहून जास्त लोकांची फाशीही कमी केली. आणि हेच रायन २००६ मध्ये भ्रष्टाचारात दोषी ठरले, साडेसहा वर्षं. ते आधी इलिनॉयचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, ट्रकचं लायसन्स देणारं खातं त्यांचं, तिथे लाच घेऊन लायसन्स वाटायचे आणि त्यातला पैसा त्यांच्या प्रचार निधीत जायचा. अशाच एका ड्रायव्हरच्या ट्रकचा तुटलेला भाग १९९४ मध्ये एका कुटुंबाच्या व्हॅनखाली आला आणि सहा मुलं गेली. एकाच माणसाच्या सहीने निरपराध लोक फाशीतून सुटले आणि त्याच माणसाच्या ऑफिसच्या लाचखोरीतून मुलं मेली, दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत.

पुढाऱ्यांच्या बाबतीत इलिनॉयमध्ये शिक्षा जास्त होण्याचं कारण इथले लोक जास्त वाईट आहेत हे नव्हे, शिकागोचं फेडरल प्रॉसिक्युटरचं ऑफिस पिढ्यानपिढ्या हेच काम करतंय आणि ते राज्याच्या राजकारणाच्या बाहेरचं आहे. ऑटो कर्नर १९७३, डॅन वॉकर १९८७ (त्यांचा गुन्हा पद सोडल्यानंतरचा, बँकेच्या फसवणुकीचा), मग रायन, मग रॉड ब्लागोयेविच. ओबामा प्रेसिडेंट म्हणून निवडून आल्यावर रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेचा ब्लागोयेविच सौदा करत होते, एफबीआयने फोन टॅप केलेले होते, डिसेंबर २००८ मध्ये अटक. गंमत बघा की टेप असूनही पहिल्या खटल्यात चोवीस आरोपांपैकी ज्युरीचं एकाच आरोपावर एकमत झालं, एफबीआयशी खोटं बोलले यावर. परत खोटंच! दुसऱ्या खटल्यात सतरा आरोप सिद्ध झाले आणि चौदा वर्षांची शिक्षा लागली. २०१२ मध्ये एका राज्याचे पाठोपाठचे दोन गव्हर्नर एकाच वेळी तुरुंगात होते.

मायकेल मॅडिगन त्यांच्याही वरचे. इलिनॉय सभागृहाचे स्पीकर, १९८३ पासून २०२१ पर्यंत मधली दोन वर्षं सोडली तर सलग. मोबाईल वापरायचे नाहीत, ईमेल नाही, कागदावर काही नाही. अशा माणसाविरुद्ध पुरावा आणणार कुठून? आणला तो दुसऱ्या पुढाऱ्याकडून, डॅनी सोलिस नावाचा नगरसेवक स्वतः अडकला होता, तो अंगावर रेकॉर्डर लावून यांच्याशी बोलत राहिला, आणि वीज कंपनीच्या लोकांचे फोनही टॅप होते. कंपनी मॅडिगनच्या माणसांना काम न करता पगार देत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेवीसपैकी दहा आरोपांत दोषी, साडेसात वर्षं आणि २५ लाख डॉलर दंड.

पण ही दारंही आता अरुंद होत चाललीयेत आणि ती अरुंद करतंय सुप्रीम कोर्ट. व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅक्डॉनल यांनी एका व्यापाऱ्याकडून १ लाख ७५ हजार डॉलरच्या आसपास भेटी आणि कर्ज घेतलं, रोलेक्स घड्याळ, मुलीच्या लग्नाच्या जेवणाचा खर्च, आणि बदल्यात त्याच्या मीटिंगा लावून दिल्या. ज्युरीने दोषी धरलं, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल फिरवला, म्हणे मीटिंग लावणं हे लाचेच्या कायद्यातलं अधिकृत कृत्य नाही. २०२४ मध्ये इंडियानाच्या एका मेयरची केस, शहराने कचऱ्याचे ट्रक घेतले आणि नंतर ट्रक कंपनीकडून मेयरला १३ हजार डॉलर मिळाले, कोर्ट सहा विरुद्ध तीन म्हणालं की काम झाल्यावर दिलेली बक्षिसी या फेडरल लाच कायद्यात येत नाही. आपल्याकडे काम झाल्यावरचं पाकीट काय असतं हे शेंबडं पोरही सांगेल. डिफेन्स वकील म्हणून गुन्ह्याची व्याख्या घट्ट असावी असं मलाही वाटतं, मोघम कायद्यात माझेच गरीब अशील आधी भरडले जातात, पण तीच दयाळू नजर ड्रगच्या केसमधल्या पोराकडे वळताना मला दिसत नाही. एवढं होऊनही न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ जुलै २०२४ मध्ये सोळाच्या सोळा आरोपांत दोषी ठरले कारण घरात सोन्याच्या विटा आणि जॅकेटच्या खिशांत रोकड सापडली, आणि कोणतं काम कोणासाठी केलं त्याचे मेसेज होते. अकरा वर्षांची शिक्षा झाली.

माफीचं एवढं लक्षात ठेवा की प्रेसिडेंटचा हात फक्त फेडरल शिक्षेपर्यंत पोचतो. ब्लागोयेविचची शिक्षा ट्रम्प यांनी २०२० मध्ये कमी केली आणि २०२५ मध्ये पूर्ण माफी दिली, ॲरिझोनाचा माजी शेरीफ (काउंटीचा निवडून आलेला पोलीस प्रमुख) जो अरपायो २०१७ मध्ये दोषी ठरला आणि महिन्याभरात माफ झाला, व्हर्जिनियातला एक शेरीफ लाच घेऊन पोलिसाचे बिल्ले वाटल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा लागूनही तुरुंगात पाऊल न टाकता मे २०२५ मध्ये सुटला. शॉविनला उद्या फेडरल माफी मिळाली तरी मिनेसोटाची साडेबावीस वर्षं तशीच राहतात. म्हणून एका कृत्यासाठी राज्य आणि फेडरल असे दोन खटले चालतात तेव्हा अन्याय झाला असं लगेच म्हणू नका. १९९२ मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस कॅलिफोर्नियाच्या कोर्टात सुटले, लॉस एंजेलिस पेटलं, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातले दोघे फेडरल कोर्टात दोषी ठरले ते याच दुहेरी सोयीमुळे.

इथे राहणाऱ्यांनी आणि ज्यांचे आईवडील इथे येऊन राहतात त्यांनी हे एक करा. पोलिसांशी वाईट प्रसंग घडला तर तिथे वाद घालू नका, नंतर लगेच घटनेची वेळ, जागा, गाडीचा आणि बिल्ल्याचा नंबर लिहून काढा, शेजारच्या घरांच्या दारावरचे कॅमेरे कोणाचे आहेत ते बघा आणि फुटेज मागा, ते काही दिवसांत पुसलं जातं. आणि वकिलाकडून खात्याला रेकॉर्ड जपून ठेवा असं लेखी पत्र पाठवा. इलिनॉयमध्ये आता सगळ्या पोलीस खात्यांना बॉडी कॅमेरा सक्तीचा आहे, पण कोणी खूण करून ठेवली नाही तर ते रेकॉर्डिंग ९० दिवसच ठेवतात, त्यामुळे पत्र त्या आत पोचलं पाहिजे, घरी चर्चा करत बसू नका.